मॉरिशस : नकाशावरचा आपला एक शेजार

नकाशाच्या पुस्तकात हिंदी महासागराचे पान उघडा. आफ्रिकेजवळ मादागास्कर हे मोठे बेट दिसेल. त्याच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर जो ठिपका आहे, तो मॉरिशस देश.

ज्वालामुखीतून तयार झालेल्या या मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या साधारण तिप्पट. नाशिक विषुववृत्ताच्या जितके उत्तरेला, जवळजवळ तितकेच मॉरिशस दक्षिणेला. म्हणून आपल्याकडे थंडी असते तेव्हा तेथे उन्हाळा!

मुख्य बेटाचे नऊ जिल्हे आहेत. राजधानी पोर्ट लुई वायव्य किनाऱ्यावर आहे. उत्तरेला सपाट जमीन व उसाचे मळे, मध्यभागी थंड, पावसाळी पठार, तर नैऋत्येला ८२८ मीटर उंचीचे सर्वोच्च शिखर. आग्नेयेकडून येणारे वारे पठारावर पाऊस पाडतात. त्यामुळे पश्चिम किनारा कोरडा राहतो. सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस कमी पडतो, त्याचेही कारण असेच. पूर्वेला दूरवर असलेल्या रॉड्रिग्ज बेटाला २००२ पासून स्वायत्तता आहे.

येथे प्रथम डच, मग फ्रेंच आणि १८१० मध्ये इंग्रज आले. १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली. उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारावर मजूर नेण्यास १८३४ मध्येच सुरुवात झाली होती. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. त्यांतील काहींना पुढे इतर देशांत पाठवले गेले. या मजुरांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणची माणसेही होती. तो धक्का, आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला.

आज तेथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. मात्र बहुतेक घरांत क्रिओल भाषा बोलली जाते. मराठी वंशाची पुष्कळ मुले मराठी शिकतात ती शाळेत, एक ऐच्छिक विषय म्हणून.

आपण बडोद्यात आहोत. रस्त्यावर गुजराती, शाळेत मराठी. घरात कोणती, हे मात्र आपल्या हाती आहे. पालकांना आमची विनंती, मुलांशी रोज थोडा वेळ तरी मराठीत बोला. आणि मुलांनो, मॉरिशसचा नकाशा काढून त्यात नऊ जिल्हे भरा व वर्गात आणा.