गाड्यावरचा चहा

चहा हे आपले पिढ्यान्‌पिढ्यांचे पेय आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः सामान्य माणसाच्या घरात तो शिरला तो विसाव्या शतकात. १९०३ साली सरकारने निर्यातीच्या चहावर उपकर बसविला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढे १९३०च्या सुमारास आसामात पाने चिरडून, फाडून, वळवून त्यांचे दाणे करणारे यंत्र निघाले. हा दाणेदार चहा थोडक्यात गडद रंग देतो आणि स्वस्तही पडतो. हमालाला परवडणारा कप त्यामुळे शक्य झाला. परभणीच्या मोंढ्यात, बसस्थानकाबाहेर किंवा पूर्णा जंक्शनपाशी आज जो गाडा उभा असतो, त्यामागे एवढा इतिहास आहे.

चहा करणे ही काय विद्या आहे, असे कोणी विचारील. आम्ही म्हणतो, आहे. चहावाला आधी पाण्यात ठेचलेले अद्रक उकळतो आणि दूध मागाहून घालतो. यामागे कारण आहे. कच्च्या अद्रकात दूध फाडणारे एक पाचक द्रव्य असते. उकळत्या पाण्यात ते निकामी होते. पत्ती पडली की तुरटपणा उतरू लागतो. दूध घातल्यावर त्यातील प्रथिने ही तुरट द्रव्ये धरून ठेवतात, म्हणून चहा घशाला लागत नाही. पळीने चहा वर उचलून पुन्हा पातेल्यात सोडणे हा दिखावा नव्हे. त्याने उफाळा बसतो आणि चहा उतू जात नाही. ही कारणे त्याला कोणी पुस्तकातून सांगितलेली नसतात. हाताला मात्र ती ठाऊक असतात.

हे शिक्षण पाहून पाहूनच होते. कोरडवाहू शेतीतून वर्षभर भागत नाही म्हणून गावाकडचा तरुण शहरात येतो. तो प्रथम ग्लास विसळतो, मग दुकानोदुकानी चहा पोचवितो. कोणाला साखर कमी, कोणाचा हिशेब महिन्याचा, कोणाची उधारी बुडणारी, हे तो या फेऱ्यांत शिकतो. पातेले त्याच्या हाती येते ते सर्वांत शेवटी.

धंद्याचे गणित अवघड आहे. दूध, साखर आणि गॅस यांचे भाव थोडेथोडे चढतात; कपाचा भाव तसा चढविता येत नाही, कारण गिऱ्हाईक सुट्या नाण्यांवर हिशेब करते. मग कप लहान होतो, नाहीतर नफा. उन्हाळ्यात परभणीचा पारा चाळिशीपार गेला की दुपारी गिऱ्हाईक नसते आणि दूध नासण्याची धास्ती असते. फेब्रुवारीतील उरुसाचे दिवस आले म्हणजे ही तूट थोडीफार भरून निघते.

परंतु याहून मोठी चिंता जागेची. चहा शिकता येतो. उभे राहण्याची जागा शिकून मिळत नाही. गाडा उचलून नेला की त्या दिवसाची कमाई तर जातेच, शिवाय वर्षानुवर्षे जोडलेली गिऱ्हाइकेही तुटतात. याकरिता २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांचा कायदा केला. त्यानुसार दर पाच वर्षांनी विक्रेत्यांची पाहणी व्हावयास हवी. पाहणी पुरी होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणास हटविता येत नाही. पुढेही हटवावयाचे तर तीस दिवसांची सूचना लागते. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांतून निवडून यावेत आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असेही त्यात सांगितले आहे.

रस्ता मोकळा असावा, ही नागरिकांची मागणी रास्त आहे. या कायद्यानेही ती नाकारलेली नाही. विक्रीस योग्य आणि अयोग्य जागा ठरवून द्याव्यात, एवढेच त्याचे म्हणणे आहे. सकाळी ज्याच्या हातचा चहा आपण आवडीने घेतो, त्यालाच दुपारी अतिक्रमण म्हणणे मात्र न्यायाचे नव्हे. आपल्या गावात पाहणी केव्हा झाली, समितीवर कोण आहे, गाड्यांसाठी कोणत्या जागा ठरल्या, हे नगरपालिकेस किंवा महानगरपालिकेस विचारण्याचा अधिकार आपल्या सर्वांना आहे. तेवढी विचारपूस जरी आपण केली, तरी त्या कपाचे मोल काही अंशी चुकते होईल.