नैराश्य एकाच तऱ्हेचे नसते : प्रकार, लक्षणे आणि वर्गात-घरात दिसणाऱ्या खुणा

वरच्या वर्गांत हल्ली 'डिप्रेशन' हा शब्द सर्दी-खोकल्यासारखा वापरला जातो. चाचणीत दोन गुण कमी पडले, डिप्रेशन. मैत्रिणीने मेसेज वाचूनही उत्तर दिले नाही, डिप्रेशन. पालकसभेत मात्र हाच शब्द शिक्षकाने उच्चारला की समोरचा चेहरा एकदम बंद होतो. "आमच्या घरात तसलं काही नाही हो, मॅडम." जिथे आजार नाही तिथे शब्द सढळ हाताने, आणि जिथे असू शकतो तिथे शब्दाचीच भीती. आपणा शिक्षकांचेही फार वेगळे नाही. डी.एड., बी.एड.ला मानसशास्त्र होते, पण त्यातला पाव्हलॉवचा कुत्रा आणि थॉर्नडाइकचे मांजर तेवढे लक्षात राहिले.

शिक्षक बंधू-भगिनींनो आणि पालकहो, पहिली गोष्ट ही की नैराश्य हे एकाच आजाराचे नाव नाही. ताप जसा मलेरियाचा असतो, टायफॉइडचा असतो, डेंग्यूचा असतो, आणि कपाळाला हात लावून तो ओळखता येत नाही, तसेच हे आहे. वरून सगळी माणसे उदासच दिसतात. आतला प्रकार वेगळा, म्हणून उपचारही वेगळे. निदान करणे हे आपले काम नाही, ते डॉक्टरांचे. पण डॉक्टर पेशंटला पंधरा-वीस मिनिटे बघतात, आपण मुलाला दिवसाचे पाच-सहा तास बघतो आणि आई-वडील उरलेला वेळ. डॉक्टरांना लागणारी माहिती आपल्याकडेच असते. फक्त काय बघायचे ते माहीत हवे.

साधे दुःख आणि आजार

आजी गेली, परीक्षेत नापास झालो, बदली होऊन गाव सुटले, की वाईट वाटणारच. वाटायलाच हवे. असे दुःख लाटेसारखे येते आणि जाते. मधेच कोणी जुनी गंमत सांगितली तर रडता रडता हसू येते. कशाचे दुःख आहे हे माणसाला सांगता येते. नैराश्यात ती लाट ओसरत नाही. दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, आणि किमान दोन आठवडे. हा दोन आठवड्यांचा हिशेब डॉक्टरांच्या निकषांतला आहे, तो लक्षात ठेवावा.

या दोहोंच्या मधलीही एक अवस्था आहे. नवीन शाळा, आई-वडिलांचे वेगळे होणे, घरातले आजारपण अशा घटनेनंतर तीन महिन्यांच्या आत मूल कोमेजते, अभ्यास-खेळ सुटतो, पण पूर्ण नैराश्याइतकी लक्षणे नसतात. याला समायोजनाचा त्रास म्हणतात. ताण सरला की सहसा सहा महिन्यांत तो निवळतो. आधार आणि समुपदेशन इथे चांगले कामी येते.

मुख्य प्रकार : मेजर डिप्रेशन

डॉक्टर नऊ लक्षणे बघतात. मन उदास असणे आणि आवडत्या गोष्टीतला रस जाणे ही त्यातली दोन मुख्य. मग भूक किंवा वजन बदलणे, झोप बिघडणे, हालचाली मंदावणे किंवा उलट एका जागी न टिकणे, सतत थकवा, आपण निरुपयोगी आहोत किंवा सगळी चूक आपलीच असे वाटणे, लक्ष न लागणे, आणि मरणाचे विचार. यांपैकी किमान पाच, त्यात पहिल्या दोनपैकी एक तरी, दोन आठवडे टिकले आणि रोजच्या कामावर परिणाम झाला, तर हा आजार मानला जातो. त्यातही सौम्य, मध्यम, तीव्र अशा पायऱ्या असतात.

ही यादी वाचून आपल्या डोळ्यांपुढे कोपऱ्यात बसून रडणारे मूल येते. मुलांत हा आजार बऱ्याचदा तसा दिसतच नाही. किशोरवयात उदासीच्या जागी चिडचिड असू शकते, आणि डॉक्टरांच्या निकषांतही ती धरलेली आहे. म्हणजे जो मुलगा दार आपटतो, उलट बोलतो, बारीकसारीक कारणावरून अंगावर येतो, तो 'वाया गेला' असे ठरवण्याआधी हे कधीपासून चालले आहे, हा प्रश्न विचारायला हवा. लहान मुले तर 'मला उदास वाटते' असे म्हणत नाहीत. त्यांचे पोट दुखते. शाळेच्या वेळेला दुखते, सोनोग्राफी होते, रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि मग घरचे म्हणतात, "बघा, नाटकं करतोय." पोट खरोखर दुखत असते.

वर्गातल्या खुणा बारीक असतात. डबा तसाच परत जातो. अक्षर बिघडते, ओळी अर्ध्यात सुटतात. ज्याला कबड्डीशिवाय चैन पडत नव्हते तो खेळाच्या तासाला पायरीवर बसतो. फळ्याकडे बघत असतो, पण विचारले तर कोणता धडा चाललाय हे सांगता येत नाही. आणि एक गोष्ट स्पष्टच लिहिते : गडबड न करणारे मूल आपल्याला आवडते. साठ मुलांच्या वर्गात एक जण गप्प झाला तर आपला त्रास कमी होतो, म्हणून तोच नजरेतून सुटतो.

याच आजाराचे दोन चेहरे वेगळे सांगायला हवेत. एकात माणसाला पहाटे तीन-चारला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. सकाळ सगळ्यात वाईट, संध्याकाळी जरा बरे वाटते. जेवण कमी होते आणि कोणतीही चांगली बातमी आत पोचत नाही. दुसऱ्यात नेमके उलटे. दहा-दहा तास झोप, भरपूर खाणे, हातपाय शिसे भरल्यासारखे जड, कोणी जरा टोचून बोलले तर जिव्हारी लागणे. आणि काही छान घडले की तेवढ्यापुरती कळी खुलतेसुद्धा. या दुसऱ्या चेहऱ्यावर घरात सगळ्यात जास्त अन्याय होतो. "मित्र आले की बरा हसतोस, अभ्यास म्हटलं की आजारी!" हे वाक्य ओळखीचे आहे ना? तेवढ्यापुरते हसता येणे हे त्या आजाराचेच एक लक्षण असू शकते.

"स्वभावच तसा आहे"

काही जणांचे नैराश्य तीव्र नसते, पण वर्षानुवर्षे चालते. त्याला डिस्थायमिया म्हणतात. मोठ्यांत किमान दोन वर्षे, मुलांत किमान एक वर्ष मन बहुतेक वेळ खालीच राहिले तर हे निदान होते. असे मूल शाळेत येते, पास होते, कोणाला त्रास देत नाही. फक्त कशाचाच आनंद होत नाही आणि स्वतःबद्दल चांगले बोलत नाही. घरचे म्हणतात, लहानपणापासून अबोलच आहे. अबोल असणे हा आजार नाही, हेही खरे. अबोल मूल आपल्या चित्रात, क्रिकेटमध्ये, मांजरात रमते. इथे रमणेच नसते.

बायपोलर : इथे चूक महागात पडते

सगळ्या प्रकारांत हा नीट समजून घ्यावा. बायपोलर आजारात नैराश्याचा काळ असतो आणि त्याच्या उलट उन्मादाचाही. नैराश्याच्या काळात तो वर सांगितलेल्या मुख्य प्रकारासारखाच दिसतो. फरक मागे जाऊन शोधावा लागतो. आधी कधी असे चार दिवस, आठवडा गेला आहे का, की झोप दोन-तीन तास आणि तरी थकवा नाही, बोलणे धबधब्यासारखे, डोक्यात एकामागून एक योजना, पैशाची उधळण, आपल्याला काहीही जमेल अशी खात्री? घरचे हे डॉक्टरांना सांगतच नाहीत. कारण तेव्हा तो 'मस्त मूडमध्ये' होता, त्यात सांगण्यासारखे काय! पण डॉक्टरांना हे कळले नाही आणि नुसत्या नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या, तर काही पेशंट उन्मादाकडे झुकू शकतात. बायपोलरमध्ये मूड स्थिर ठेवणारी औषधे लागतात. म्हणून ही माहिती डॉक्टरांनी विचारली नाही तरी आपण होऊन सांगावी. घरात काका, मामा, आजोबा कोणाला असा त्रास असेल तर तोही सांगावा. तिथे घराण्याची अब्रू आड आणू नये.

बाळंतपणानंतरचे नैराश्य

शाळेच्या लेखात हे कशाला, असे वाटेल. पहिली-दुसरीतले मूल अचानक न विंचरलेले, गृहपाठाविना यायला लागते आणि चौकशी केली तर घरात नवे भावंड आलेले असते. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणे, घाबरल्यासारखे होणे हे पुष्कळ बायकांना होते आणि साधारण दोन आठवड्यांत आपोआप थांबते. ते थांबले नाही, बाळाजवळ जावेसे वाटत नाही, बाळ झोपले तरी आईला झोप नाही, 'मी चांगली आई नाही' हेच डोक्यात, तर ते नैराश्य आहे आणि त्याला उपचार आहेत. आई असंबद्ध बोलू लागली, भास होऊ लागले, बाळाबद्दल भलतेसलते बोलू लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तिला "बाहेरचं झालंय" म्हणून कोणाकडे अंगारा आणायला जाण्यात जो दिवस जातो तो फार मोलाचा असतो. नवस मागाहून फेडा, कोणी अडवत नाही.

उरलेले प्रकार थोडक्यात. काही मुलींना, बायकांना पाळीच्या आधीच्या आठवड्यात दर महिन्याला टोकाची उदासी आणि चिडचिड होते आणि पाळी सुरू झाली की ती उतरते. कॅलेंडरवर दोन महिने खुणा केल्या की हे लगेच लक्षात येते. ऋतूंशी जोडलेले नैराश्य उत्तरेकडच्या देशांत, हिवाळ्यात दिवस लहान झाले की दिसते. आपल्याकडे त्याची चर्चा कमी, पण मुले-सुना कॅनडा-स्वीडनला असतील तर माहीत असलेले बरे. आणि तीव्र नैराश्यात कधी कधी भास होतात, 'माझ्यामुळेच सगळ्यांचे वाटोळे झाले' अशी घट्ट समजूत होते. तिथे समजावून उपयोग नसतो, मानसोपचारतज्ज्ञच हवेत.

शिवाय शरीर तपासायला विसरू नये. थायरॉइड मंदावणे, रक्त कमी असणे, बी-१२ ची कमतरता यांतही थकवा, सुस्ती आणि उदासी येते. वयात येणाऱ्या मुलींत रक्त कमी असणे आपल्याकडे किती सर्रास आहे, हे आरोग्य तपासणीच्या दिवशी आपण बघतोच.

मग करायचे काय?

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दर २० प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येऊन गेल्याचे आढळले. म्हणजे प्रत्येक मोठ्या स्टाफरूममध्ये कोणीतरी आहे. तेव्हा 'असले काही आमच्यात नाही' हे बाजूला ठेवू.

मुलाला सगळ्यांसमोर विचारू नये. मधल्या सुट्टीत, काहीतरी काम सांगून, शेजारी बसवून, "हल्ली तू खेळायला जात नाहीस, मला दिसतंय. काय होतंय?" एवढेच पुरे. उत्तर आले नाही तर दोन दिवसांनी पुन्हा. 'तुला कशाची कमी आहे?' हा प्रश्न मात्र टाळा, कारण त्याने अपराधी वाटणे आणखी वाढते.

मरणाची भाषा आली तर घाबरून विषय बदलू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायची वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर मुलाला एकटे सोडू नये, घरच्यांना लगेच बोलवावे, आणि घरातली औषधे, शेतावरची कीटकनाशके कुलपात जावीत. 'कोणाला सांगणार नाही' असे वचन अशा वेळी देऊ नये. दहावी-बारावीच्या निकालाचे दिवस यासाठी जास्त सांभाळावे लागतात.

औषधांबद्दल पालक दोनच प्रश्न विचारतात : सवय लागेल का आणि किती दिवस घ्यायची? नैराश्याच्या गोळ्या झोपेच्या गोळ्यांसारखी चटक लावत नाहीत, पण एकदम बंद केल्या तर त्रास होतो. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. पहिल्या आठवड्यात काही फरक नाही म्हणून बंद करणारे पुष्कळ. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये सुरुवातीचे आठवडे जास्त लक्ष ठेवावे लागते, कारण काहींमध्ये अस्वस्थता आणि जिवाचे विचार वाढू शकतात. तसे दिसले तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा. बरे वाटल्यानंतरही काही महिने औषध चालू ठेवावे लागते. सौम्य त्रासात नुसत्या समुपदेशनानेही फरक पडतो.

जावे कुठे? जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करावी. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि तिथे बाह्यरुग्ण विभागही असतो, म्हणजे दाखवायला गेले की भरतीच करतात असे नाही. घरबसल्या बोलायचे तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, २०२२ पासून सुरू झालेली. नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, रात्रंदिवस चालू, मराठीत बोलता येते. फोन करण्याआधी किंवा दवाखान्यात जाण्याआधी एका कागदावर लिहून घ्या : कधीपासून, झोप किती, जेवण किती, काय आवडायचे आणि आता काय सुटले, कोणते औषध चालू आहे, घरात आधी कोणाला असा त्रास होता का. आणि मुलाच्या वहीची दोन पाने सोबत न्या, एक जूनमधले, एक आत्ताचे.