ठरावापासून बांधापर्यंत

आपल्या घरांतील नोकरदार माणसाचें वेतनपत्रक कधीं निवांतपणें वाचून पाहिलें आहे काय? त्यांत कपातीच्या रकान्यांत ‘व्यवसाय कर’ या नांवाची एक लहानशी रक्कम असते. महाराष्ट्रांतील बहुतेक पगारदारांच्या बाबतींत ती दरमहा २०० रुपये व फेब्रुवारींत ३०० रुपये, म्हणजे वर्षाकांठीं २,५०० रुपये इतकी होते. दूधवाल्याचा व वाण्याचा पैसा न् पैसा वहींत टिपून ठेवणारी गृहिणीसुद्धां या रकमेचा माग क्वचितच घेते. परंतु १९७५ सालीं हा कर बसविला गेला तो एका विशिष्ट कार्यासाठीं. खेड्यांत काम मागावयास आलेला मजूर रिकाम्या हातीं परत जाऊं नये, म्हणून शहरांतल्या पगारदारानें हा वाटा उचलावा, अशी त्यामागची कल्पना होती. करांतून जितकी रक्कम जमेल तितकीच भर सरकारनें आपल्या तिजोरींतून घालावी, असेंही ठरलें. ही रोजगार हमी योजनेची कथा आहे. आणि चांगला विचार प्रत्यक्षांत कसा उतरवावा हें ज्यास शिकावयाचें आहे, त्यास इतका घरचा धडा दुसरीकडे मिळणें कठीण.

दुष्काळांत लोकांस काम द्यावें, हा विचार तसा जुना आहे. १८७७ च्या दुष्काळांत सरकारी कामें निघालीं होतीं, पण सर रिचर्ड टेंपल यांनीं ठरविलेली मजुरी इतकी तुटपुंजी होती कीं, तिच्यावर कष्टकऱ्याचें पोट भरणें अशक्य होतें. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्याविरुद्ध आवाज उठविला. पुढें दुष्काळासंबंधीं नियम झाले. तरी १८९६ सालीं त्याच सभेच्या कार्यकर्त्यांना गांवोगांव हिंडून शेतकऱ्यांना हे नियम समजावून सांगावे लागले. नियम होता, पण ज्याच्यासाठीं केला त्यालाच तो ठाऊक नव्हता! कागद आणि माणूस यांमधील हें अंतर तोडणें, हेंच राज्यकारभाराचें खरें काम होय.

स्वातंत्र्यानंतर हें अंतर तोडण्याचा नेटाचा प्रयत्न केला तो विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं. दुष्काळ पडण्याची वाट न पाहतां, मागेल त्याला वर्षांत केव्हांही काम मिळावें, असा त्यांचा आग्रह होता. परंतु त्यांनीं आरंभ कायद्यापासून केला नाहीं. १९६५ सालीं सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत लहान प्रमाणावर प्रयोग झाला. १ मे १९७२ पासून योजना सर्व राज्याला लागू झाली. आणि लगेच भीषण दुष्काळ आला. १९७३ च्या मे महिन्यांत दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लक्ष माणसें राबत होतीं. त्या अनुभवाचें माप पदरीं पडल्यावर १९७७ सालीं कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. प्रयोगापासून कायद्यापर्यंत बरोबर एक तप लोटलें. आधीं हात मळवावे, मग मसुदा लिहावा, हा या कथेंतील पहिला धडा.

दुसरा धडा निवडीचा. गरीब कोण, हें ठरविण्यासाठीं दाखले व चौकशा सुरू झाल्या कीं, खरा गरीब मागें राहतो आणि ओळखीचा पुढें सरकतो. या योजनेंत ती निवड कोणाच्या हातीं ठेवलीच नाहीं. भर उन्हांत माती खणावयास जो येईल, त्याची गरज त्याच्या घामानेंच सिद्ध होते. म्हणूनच या कामांवर स्त्रियांची संख्या मोठी राहिली. त्यांना दूरच्या गांवीं जातां येत नसे. काम घराजवळ मिळे, आणि मोजमापाचा दर स्त्रीपुरुषांस सारखा असे. कामावर पिण्याचें पाणी, सावली व तान्ह्या मुलांस सांभाळण्याची सोय असावी, असेंही नियमांत होतें.

तिसरा धडा तयारीचा. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत द्यावयाचें, तर नाला कोठें अडवावयाचा आणि पाझर तलाव कोठें बांधावयाचा, याचे आराखडे मागणी येण्यापूर्वींच मंजूर होऊन पडलेले पाहिजेत. पाहुणे दारांत आल्यावर जात्यावर बसून कसें चालेल? जेथें आराखडे तयार नव्हते, तेथें खडी फोडण्याचें काम निघे. मजुरी मिळे, पण गांवाला कांहींच लाभत नसे. शिवाय कामाची मागणी नोंदविण्याची जबाबदारी महसूल खात्याकडे आणि काम करवून घेण्याची पाटबंधारे, मृदसंधारण, वन इत्यादि खात्यांकडे, अशी वाटणी होती. एकाच्या चुकीवर दुसऱ्याची नजर रहावी, हा हेतु चांगला. परंतु दोघांचा मेळ न बसल्यास मजुराचा आठवडा फुकट जाई.

आणि मेळ अनेकदां बसला नाहीं, हेंही प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. मजुरी मोजमापावर अवलंबून. मोजणारा वेळेवर आला नाहीं, तर खणलेली चौकडी तशीच राही व पोट उपाशी राही. हजेरीपटावर खोटीं नांवें चढत. सर्वांत बोलका अनुभव १९८८ सालचा. त्या वर्षीं किमान वेतनाचे दर जवळजवळ दुप्पट झाले, आणि त्यानंतर कामावरील हजेरी बरीच खालीं आली. मजुरांची गरज सरली होती काय? अभ्यासकांना असें आढळलें कीं, गरज होती, पण कामेंच पुरेशीं उघडलीं गेलीं नाहींत. कायद्यांतील एक अक्षरही न बदलतां हमी आंतून पोकळ होऊं शकते, ती अशी.

शेवटचा प्रश्न, काम संपल्यावर काय उरतें आणि तें कोणाचें? १९९० पासून या योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाली. माळरानांवर आंबा, बोर, डाळिंब उभें राहिलें. पण तें ज्याची जमीन होती त्याच्या मालकीचें. खड्डे खणणाऱ्या भूमिहीनाला मिळाली ती त्या दिवसाची मजुरी. याउलट नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार गांवानें सरकारी पैशानें बांधबंदिस्ती केली, आणि मग स्वतःस कांहीं नियम घालून घेतले. शेतीसाठीं कूपनलिका घ्यावयाची नाहीं, ऊस व केळी लावावयाची नाहींत, पावसाच्या पाण्याचा हिशेब मांडूनच पिकें ठरवावयाचीं. तसेच बांध इतरत्रही झाले होते. येथें ते फळास आले, कारण अडविलेल्या पाण्याचा विनियोग गांवानें एकत्र बसून ठरविला.

२००५ सालीं संसदेनें ग्रामीण कुटुंबास वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी देणारा कायदा केला, तेव्हां महाराष्ट्राचा हा अनुभव त्यापुढें होता. कायदे येतात, त्यांचीं नांवें बदलतात. परंतु त्यांचा कस पाहण्याची रीत बदलत नाहीं. आपल्या घरांतील मुलेंमुली अर्थशास्त्राच्या पदव्या घेतात, स्पर्धापरीक्षांस बसतात. त्यांना कोणतीही नवी योजना वाचतांना चार प्रश्न विचारण्याची संवय लावावी. लाभ कोणाला, हें कोण ठरवितो? आगाऊ तयारी कितपत झाली आहे? मोजतो कोण, आणि मोजणाऱ्यावर नजर कोणाची? शेवटीं उरतें तें कोणाच्या पदरांत? उत्तरें पुस्तकांत सांपडलीं नाहींत, तर सुटींत एखाद्या गांवीं चार दिवस राहून, जेथें माप धरलें जातें तेथें उभें राहून तीं पहावीं. दरमहा २०० रुपये आपण देतच आहों. थोडें लक्षही द्यावें, एवढेंच मागणें आहे.