फुप्फुसांतील गुठळी आणि ती विरघळविणारीं औषधें

पायाच्या खोल शिरेंत गोठलेली रक्ताची गुठळी सुटून हृदयावाटे फुप्फुसाच्या धमनींत अडकली, म्हणजे मनुष्यास एकाएकीं धाप लागते. आणि गुठळी मोठी असल्यास हृदयाची उजवी बाजू थकून रक्तदाब कोसळतो. अशा वेळीं घरची मंडळी विचारतात, "गुठळी विरघळविणारें औषध असतां डॉक्टर तें लगेच कां देत नाहींत?" या प्रश्नाचा आम्ही येथें थोडक्यांत विचार करणार आहों.

नेहमीं दिलें जाणारें हेपॅरिन गुठळी विरघळवीत नाहीं. तें तिला वाढूं देत नाहीं, आणि विरघळविण्याचें काम शरीर सावकाश करितें. साक्षात् गुठळी वितळविणारीं औषधें निराळीं. त्यांपैकीं स्ट्रेप्टोकायनेज हें जंतूंपासून मिळतें. जंतूंचा हा गुण टिलेट व गार्नर यांनीं १९३३ सालीं प्रसिद्ध केला. तें स्वस्त खरें, परंतु शरीर त्यास परकें मानतें. म्हणून एकदां दिलेलें पुनः देणें टाळतात. अल्टेप्लेज ही मानवी शरीरांतील द्रव्याचीच प्रतिकृति. तिचे १०० मिलिग्रॅम बहुधा दोन तासांत शिरेंतून देतात. टेनेक्टेप्लेज हें तिचेंच सुधारलेलें रूप. तें वजनाच्या मानानें एकदांच टोचतात.

मात्र गुठळी उपकारक कीं अपकारक, हा विवेक यांपैकीं एकाहि औषधास नाहीं. जखमेवर किंवा मेंदूंतील जीर्ण शिरेवर शरीरानें घातलेला बांधहि तें फोडूं शकतें. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'पायथो' या युरोपांतील चांचणींत रक्तदाब स्थिर, पण हृदयावर ताण असलेले हजारांवर रोगी होते. हेपॅरिनच्या जोडीला टेनेक्टेप्लेज दिलेल्यांपैकीं शेंकडा २.६ जण दगावले किंवा त्यांचा रक्तदाब कोसळला. नुसतें हेपॅरिन दिलेल्यांत हें प्रमाण ५.६ होतें. उलट, पक्षाघाताचें प्रमाण पहिल्यांत २.४, तर दुसऱ्यांत अवघें ०.२ होतें, आणि मृत्यूंच्या संख्येंत निश्चित असा फरक आढळला नाहीं.

यावरून धोरण ठरलें तें असें : रक्तदाब कोसळला असेल, तर मोठी हरकत नसल्यास हें औषध विनाविलंब द्यावें, तो स्थिर असेल, तर हेपॅरिन देऊन रोग्यावर सक्त नजर ठेवावी, आणि प्रकृति ढासळूं लागल्यास मग तीव्र औषधाकडे वळावें.

येथें घरच्यांचें कर्तव्य मोठें आहे. पूर्वीं मेंदूंत रक्तस्राव झाला होता काय, नुकतीच शस्त्रक्रिया किंवा डोक्यास इजा झाली काय, पोटांतील व्रणांतून रक्त जातें काय, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालूं आहेत काय, हें न विचारतां डॉक्टरांस सांगावें. औषधाची निवड याच उत्तरांवर ठरते.