कॉम्प्रेसरला विसावा, फ्रीजला आयुष्य

घरगुती फ्रीज थंडी तयार करत नाही; तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. त्याच्या नळ्यांमधून एक वायू सतत फिरत असतो. मागे, तळाशी बसवलेला कॉम्प्रेसर हा वायू दाबतो आणि त्या दाबाने तो तापतो. तापलेला वायू मागच्या काळ्या जाळीतून किंवा बाजूच्या पत्र्याआडच्या नळ्यांतून जाताना आपली उष्णता स्वयंपाकघरातल्या हवेला देतो आणि द्रवरूप होतो. पुढे अतिशय बारीक नळीतून फ्रीजरकडे जाताना त्याचा दाब एकदम उतरतो. कमी दाबाखाली तो उकळू लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या हवेतून आणि अन्नातून ओढून घेतो. आत पुरेसे थंड झाले की थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर बंद करतो. इन्व्हर्टर प्रकारात तो सहसा बंद न होता संथ चालतो.

या साखळीत सर्वाधिक झिजणारा आणि बदलायला सर्वांत महाग भाग म्हणजे कॉम्प्रेसर. नीट सांभाळलेला फ्रीज दहा ते पंधरा वर्षे सहज चालतो. मात्र आतली उष्णता बाहेर पडायला अडथळा आला किंवा बाहेरची आत शिरत राहिली, की कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही. म्हणून फ्रीजची निगा म्हणजे मुख्यतः कॉम्प्रेसरचे काम हलके करणे.

जागा आणि मोकळी हवा

फ्रीज गॅसच्या शेगडीजवळ किंवा उन्हाच्या झोतात ठेवू नये. शहरातल्या लहान घरांत ओट्यालगतच जागा असेल, तर निदान शेगडी दुसऱ्या टोकाला असावी. भिंतीपासून साधारण १० सेंटिमीटर अंतर असावे. अलीकडच्या अनेक फ्रीजना मागे जाळी दिसत नाही. त्यांच्या बाजू हाताला गरम लागतात, कारण उष्णता तिथूनच बाहेर पडते. अशा फ्रीजच्या दोन्ही बाजूही मोकळ्या हव्यात. वरून टाकलेले, खिशांचे आणि बाजूंवर लोंबणारे कव्हर नेमकी हीच वाट अडवते.

मागची जाळी उघडी असेल, तर तिच्यावर धूळ आणि फोडणीच्या वाफेतला तेलकटपणा मिळून जाड थर बसतो. दर तीन-चार महिन्यांनी प्लग काढून मऊ ब्रशने ती झाडावी. फ्रीज किंचित मागे कललेला असावा, म्हणजे दार आपोआप लागते. यासाठी पुढचे पाय फिरवून उंची जुळवता येते.

दार आणि त्याचे रबर

दाराच्या कडेच्या रबरात चुंबकाची पट्टी असते. रबर सैल, चिरलेले किंवा चिकट झाले, की फटीतून दमट हवा आत शिरते. पारख सोपी आहे: कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. ती विनाअडथळा सरकली, तर तिथे रबर नीट बसत नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकण-गोव्याच्या दमट हवेत, रबराच्या घड्यांमध्ये काळी बुरशी धरते. कोमट साबणपाण्यात भिजवलेल्या फडक्याने किंवा जुन्या टूथब्रशने ती काढावी आणि रबर कोरडे पुसावे. फाटलेले रबर बदलण्याचा खर्च कॉम्प्रेसरच्या तुलनेत अगदी थोडा असतो.

आतली मांडणी

आतले तापमान ३ ते ५ अंश सेल्सिअस आणि स्वतंत्र फ्रीजरचे उणे १८ अंश असावे. बहुतेक फ्रीजमध्ये डायलवरचा आकडा मोठा, तेवढी थंडी जास्त. डायल कायम शेवटच्या आकड्यावर ठेवला, तर कॉम्प्रेसर गरजेपेक्षा अधिक चालतो.

गरम पातेले थेट आत ठेवल्यास आतली सगळी हवा तापते. अन्न आधी निववावे, पण दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू देऊ नये. कडक उन्हाळ्यात तर तासाभरातच आत जावे. पातेले परातीतल्या पाण्यात ठेवले की दूध आणि आमटी लवकर निवतात. पातळ पदार्थ झाकून ठेवावेत, कारण त्यांची वाफ फ्रीजरवर बर्फ होऊन साचते. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये गार हवा पंख्याने खेळवलेली असते, त्यामुळे हवेच्या जाळ्यांसमोर डबे दाटून ठेवू नयेत.

बर्फ आणि पाणी

एकदारी साध्या फ्रीजमध्ये फ्रीजरवर बर्फ साचतो. हा थर उष्णता अडवतो, म्हणून तो अर्धा सेंटिमीटर झाला की डिफ्रॉस्टचे बटण दाबावे. घाई म्हणून सुरी किंवा उलथने वापरणे हे फ्रीज बाद होण्याचे नेहमीचे कारण आहे. फ्रीजरचा पत्रा ॲल्युमिनियमचा आणि पातळ असतो. त्याला भोक पडले की गॅस निघून जातो. शिवाय ओझोनचा थर जपण्यासाठी झालेल्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर जुने वायू हळूहळू मागे पडले आणि आज अनेक फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो ओझोनला अपाय करत नाही, पण ज्वलनशील आहे.

वितळलेले पाणी छोट्या छिद्रातून मागे, बहुधा कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जाते आणि तिथल्या उष्णतेने आटते. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचू लागले, तर हे छिद्र तुंबलेले असते. कोमट पाणी आणि मऊ नळी वापरून ते मोकळे करावे. मागचा ट्रे आठवड्यातून एकदा रिकामा करून घासावा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. पावसाळ्यात घरोघरी येणारे आरोग्य कर्मचारी म्हणूनच फ्रीजच्या ट्रेची चौकशी करतात.

वीज आणि प्रवास

वीज जाऊन लगेच परत आली, की कॉम्प्रेसरला नळ्यांमध्ये साठलेल्या दाबाविरुद्ध सुरू व्हावे लागते. त्या वेळी ‘टक’ असा आवाज होऊन तो पुन्हा बंद पडतो. दाब समान व्हायला तीन ते पाच मिनिटे लागतात, म्हणून तेवढा वेळ बटण बंद ठेवावे किंवा वेळ धरून चालू होणारा स्टॅबिलायझर लावावा. जिथे व्होल्टेज सतत खाली-वर होते, तिथे तो हवाच. कमी व्होल्टेजवर मोटर जास्त प्रवाह ओढते आणि तापते. फ्रीजला अर्थिंग असलेला स्वतंत्र सॉकेट द्यावा. वीज गेल्यावर दार उघडले नाही, तर आतली थंडी साधारण तीन-चार तास टिकते.

घर बदलताना फ्रीज उभाच न्यावा. आडवा केल्यास कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत उतरते. तसे झाल्यास उभा करून काही तास थांबल्यावरच तो सुरू करावा. महिनाभर घर बंद राहणार असेल, तर फ्रीज रिकामा करून, पुसून, प्लग काढून दार किंचित उघडे ठेवावे.

दुरुस्तीची वेळ

कॉम्प्रेसर थांबतच नाही, वारंवार ‘टक’ वाजते, जाळी अजिबात गरम होत नाही किंवा फ्रीजरच्या एकाच कोपऱ्यात बर्फ धरतो, ही मेकॅनिकला बोलावण्याची लक्षणे आहेत. गळती शोधून बुजवल्याशिवाय नुसता गॅस भरून घेऊ नये. तो पुन्हा निघून जातो. रबर, थर्मोस्टॅट, रिले यांची दुरुस्ती बहुधा परवडते. पंधरा वर्षांच्या फ्रीजचा कॉम्प्रेसरच गेला असेल, तर कमी वीज खाणारा नवा घेणे शहाणपणाचे. अशा वेळी जुना फ्रीज भंगारात न देता अधिकृत ई-कचरा केंद्राकडे सोपवावा, म्हणजे त्यातला गॅस आणि तेल सुरक्षितपणे काढले जाते.