पलटणीतली रायफल माळरानावर येते!

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत किंवा आसपासच्या जुन्या पेठांत एखाद्या माळवदाच्या घरी आपण ओळख काढून गेलात, आणि यजमानांनी कपाटाचे कुलूप काढून आजोबांच्या वेळची रायफल दाखवली, तर ते बहुधा असे सांगतील : ‘ही मिलिटरीची रायफल. आजोबांनी थोडी कापूनसवरून शिकारीची करून घेतली.’

यजमान थाप मारीत नसतात. पण ते सांगतात त्यातले बहुधा निम्मेच खरे असते. रायफल पलटणीच्याच घराण्यातली असते, यात शंका नाही. परंतु आपल्या देशात तिला शिकारीची केली ती सुताराने नव्हे, लोहारानेही नव्हे. ती केली सरकारने, आणि तीही धास्तीपोटी! ही हकीगत मोठी मजेची आहे, आणि ज्यांच्या घरी असे हत्यार आहे त्यांनी तर ती जरूर ऐकावी.

घड्याळजीच्या मुलाची करामत

या घराण्याचा मूळ पुरुष जेम्स पॅरिस ली. जन्म १८३१ सालचा, स्कॉटलंडमधला. वाढला मात्र कॅनडात. बाप घड्याळजी, आणि पोराची उमेदवारीही त्याच धंद्यातली. तेव्हा बारीक पुर्जे अचूक बसवण्याची सवय हाताला लहानपणीच लागलेली. त्याने रायफलीचा जो बोल्ट बसवला तो बिनतोड ठरला. बोल्ट म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा, दाराच्या अडसरासारखा. मूठ उचलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर उडते. पुढे ढकलून खाली दाबली की पेटीतले नवे काडतूस आत बसते. लीच्या बोल्टची ओढ तोकडी आणि चाल सुळसुळीत. दहा गोळ्यांची पेटी आणि असा बोल्ट मिळाल्यावर तरबेज शिपाई मिनिटाला पंधरा गोळ्या नेम धरून सोडू शके.

या बोल्टला १८९५ साली इंग्लंडातील एनफील्ड कारखान्याच्या नळीची जोड मिळाली आणि ‘ली-एनफील्ड’ जन्मली. तिच्या नळीचा व्यास .३०३ इंच, म्हणून आपल्याकडे सगळे तिला ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणतात. पुढे कलकत्त्याजवळ ईशापूर येथेही ती तयार होऊ लागली. दोन महायुद्धांत हिंदी शिपायांच्या खांद्यावर हीच होती. आमच्या पोलिसांनी तर ती इतकी वर्षे वापरली, की २००८ साली मुंबईवर हल्ला झाला तेव्हाही छत्रपती शिवाजी टर्मिनसवरच्या काही पोलिसांच्या हाती थ्री-नॉट-थ्रीच होती!

सुताराचे काम वाटते तितके सोपे नाही

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले, आणि पाश्चात्त्य देशांत लाखो रायफली मोडीत निघाल्या. कॅनडा-अमेरिकेत त्या मातीमोलाने विकल्या जाऊ लागल्या. नव्या शिकारी रायफलीची किंमत न परवडणाऱ्या शेतकऱ्याने, लाकूडतोड्याने त्या उचलल्या. पण लष्करी रायफल म्हणजे पावणेनऊ पौंडांचे धूड. नळीच्या थेट टोकापर्यंत लाकडाचा अंगरखा; कारण तापलेल्या नळीने शिपायाचा हात भाजू नये आणि संगिनीच्या झटापटीत ती मजबूत राहावी. टोकाला पोलादाची जाड टोपी, तिला संगीन अडकवायची सोय. हरणामागे दिवसभर चालणाऱ्याला या लवाजम्याचा काय उपयोग?

मग हौशी मंडळी करवत घेऊन बसली. पुढचे लाकूड निम्म्यावर कापायचे, टोपी काढायची, दहाच्या जागी पाच गोळ्यांची पेटी लावायची, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा नवा करायचा, वर जमल्यास दुर्बीण बसवायची. रायफल हलकी, सडपातळ, देखणी होई.

पण गंमत पुढेच आहे. पुष्कळांच्या लक्षात येई, की रायफल देखणी झाली तसा तिचा नेम बिघडला! याचे कारण त्या ‘निरुपयोगी’ लाकडातच होते. गोळी सुटताना नळी वीणेच्या तारेसारखी थरथरते. ली-एनफील्डची नळी सडपातळ. तिची थरथर आवरावी म्हणून एनफील्डच्या कारागिरांनी पुढच्या लाकडात स्प्रिंग आणि खुंटी बसवून नळीला ठराविक दाब दिलेला असे. लाकूड कापले की तो आधार गेला. मग जाणत्या कारागिराकडे जाऊन नळी नव्याने बसवून घ्यावी लागे. स्वस्तातली रायफल अशी महागात पडे.

या स्वस्ताईची दुसरीही बाजू होती. १९६३ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा खून झाला तो इटालियन लष्कराच्या मोडीतल्या रायफलीने. दुर्बिणीसह १९ डॉलर ९५ सेंट अशी तिची जाहिरात होती, आणि ती टपालाने आली होती! अशी टपाली विक्री अमेरिकेने १९६८ च्या कायद्याने बंद केली.

बारा हजारांश इंचाची भीती

आता आपल्या देशाकडे वळू. येथे ही करवतीची हौस का फोफावली नाही? कारण येथे मोडीतली थ्री-नॉट-थ्री सामान्य माणसाच्या हाती पडणारच नव्हती.

१८५७ चा धडा इंग्रज विसरला नव्हता. १८७८ साली त्याने हत्यारांचा कायदा केला आणि परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरवले. तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. परवाना दिला, तरी त्या माणसाच्या रायफलीत लष्कराचे काडतूस बसता कामा नये, असा त्याने दंडक घातला. हेतू उघड होता. पलटणीच्या कोठारातून काडतुसे चोरीला गेली, तरी ती बाहेर कोणाच्या उपयोगी पडू नयेत. या दंडकापायी १९०७ च्या सुमारास हत्तीच्या शिकारीच्या .४५० इंची बंदुकांनाही हिंदुस्थानचे दार बंद झाले, आणि लंडनच्या नामांकित कारखानदारांना .४७० सारखी नवी मापे काढावी लागली.

तसेच .३०३ चे झाले. बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीने तोडगा काढला. रायफलीची घडण लीचीच ठेवली. नळी आणि काडतूस मात्र बदलले. ऑस्ट्रियाच्या लष्कराचे आठ मिलिमीटरचे काडतूस घेतले आणि त्याला इंग्रजी मापात ‘.३१५’ म्हटले. हिंदुस्थानातल्या कोठारांत ऑस्ट्रियाची काडतुसे कुठली असणार? .३०३ आणि .३१५ यांच्या व्यासात फरक अवघा बारा हजारांश इंचाचा. पण पलटणीचे काडतूस तेथे चालत नाही. एवढ्या फटीत एक साम्राज्य निर्धास्त झोपत होते!

ज्या सोलापुराने १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांची सत्ता काही दिवस झुगारून दिली आणि त्यापायी लष्करी कायदा भोगला, त्या शहरात ही भीती काय होती हे निराळे सांगायला नको.

इंग्रज गेला, दंडक राहिला. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यातही निषिद्ध आणि अनिषिद्ध बोअर हा भेद आहे. ज्या ईशापूरने पलटणीसाठी थ्री-नॉट-थ्री घडवली, त्याच ईशापूरने पाच गोळ्यांची .३१५ स्पोर्टिंग रायफल परवानेदारांसाठी घडवली. आपल्याकडच्या जुन्या घरांत आढळते ती बहुधा हीच. तिचे आखूड लाकूड कोणी कापलेले नसते. ती कारखान्यातूनच तशी येते.

गोळीचेही दोन धर्म

रायफलीबरोबर गोळीचाही वेष बदलतो. लष्करी गोळीला शिशावर कठीण धातूचे पूर्ण आवरण असते. शिकारी गोळीचे टोक मऊ शिशाचे, उघडे असते. ती लागताच फुलते. कलकत्त्याजवळच्या डमडम येथे कॅप्टन बर्टी-क्ले याने अशी फुलणारी गोळी लष्करासाठी काढली, तेव्हा जगभर ओरड झाली आणि १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात तिला बंदी झाली. गंमत पाहा, माणसावर जी गोळी क्रूर ठरली, तीच जनावरावर दयेची मानली गेली! कारण कठीण गोळी आरपार निघून जाते आणि जखमी जनावर झुडपात तडफडत दिवस काढते.

शिकार संपली, जबाबदारी उरली

सोलापूरभोवतीच्या माळावर एके काळी काळविटांचे कळप उधळत. पण युद्धानंतर मोडीतल्या रायफलींप्रमाणे मोडीतल्या जीपगाड्याही बाजारात आल्या. जीप, प्रखर दिवा आणि रायफल हे त्रिकूट जमले, आणि शिकारीतला पायपिटीचा धर्म बुडाला. देशातली माळराने रात्री-अपरात्री ओसाड होऊ लागली. अखेर १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९७९ साली नान्नजचे माळढोक अभयारण्य झाले. काळवीट तेथे आज पुन्हा दिसतात. माळढोक मात्र अगदी क्वचित.

मग घरातल्या त्या रायफलीचे काय? दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली : तिला हात लावू नये. सोलापूर हे गिरण्यांचे गाव. लेथवर लोखंडाला हवा तो आकार देणारे हात येथे गल्लोगल्ली आहेत. पण हत्याराची दुरुस्ती किंवा रूपांतर करायला १९५९ च्या कायद्याने वेगळा परवाना लागतो, आणि नळी आखूड करण्यासाठी तर त्यात स्वतंत्र कलमच आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची : रायफल वारशाने येते, परवाना येत नाही. परवानेदार वारला, की हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे आणि वारसाने आपल्या नावे रीतसर अर्ज करावा. ‘आजोबांची आठवण’ म्हणून कपाटात तशीच ठेवली, तर कायदा भावना पाहत नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारे राहू शकतात, हेही विसरू नये.

आणि नेमबाजीचीच हौस असेल, तर तिला आता मोकळे, मानाचे मैदान आहे. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली. त्याच जिल्ह्याच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. दोघांचेही लक्ष्य पन्नास मीटरवरचे, कागदी वर्तुळाएवढे. त्यासाठी लागणारी स्थिर छाती आणि रोखलेला श्वास मात्र जुन्या शिकाऱ्याचाच आहे. आपल्या मुलामुलींना तो वारसा जरूर द्यावा. त्याला कसलाही परवाना लागत नाही.