आदिलशाही सुलेखनकला

आदिलशाही सुलेखनकला ही विजापूरच्या आदिलशाहीत (१४९०–१६८६) बहरलेली अरबी-फार्सी अक्षरकला होय. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यावर या लिपीतील फार्सी शिलालेख आढळतात. विजापूरच्या इब्राहिम रोजामध्ये मात्र अक्षर केवळ नोंदीपुरते राहत नाही; तेथील दगडी जाळ्यांत अक्षरांमधील जागा आरपार कोरल्या असून उजेड शब्दांच्या फटींतून आत येतो. कागदावर तिरकस तासलेल्या बोरूने लिहीत आणि अक्षराची उंची नुक्त्यांनी मोजत. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या ‘किताब-ए-नवरस’ या दख्खनी गीतसंग्रहाची प्रत लिहिल्याबद्दल सुलेखनकार खलीलुल्लाह यास ‘पादशाह-ए-कलम’ (लेखणीचा बादशहा) हा किताब मिळाला. या गीतांत सरस्वती व गणपती यांचे स्तवन आहे, हे विशेष.